मे अखेर नको, डिसेंबर-जानेवारी बघा
मे अखेरीस आठ जणांनी गोव्यात यॉट भाड्याने घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. नको की हो! तेव्हा समुद्र खवळायला लागतो. डिसेंबर-जानेवारी बघा, आणि सकाळचीच वेळ घ्या. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, बोट हलते. आम्ही बेळगावहून पहाटे चोर्ला घाट उतरलो. वळणांनी आधीच पोटात ढवळत होतं, त्यात बोटीवर भावजींनी कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, डबा उघडला. पुढचं सांगत नाही. उलटीची गोळी चढायच्या तासभर आधी घ्या.

पैसे ठरवताना डिझेल, खलाशी, जेवण धरून का, ते लिहून घ्या. आमचं डिझेल वेगळं निघालं. बोट मांडवी नदीतच फिरवणार की बाहेर समुद्रात नेणार, हेही विचारा. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आधीच मागून ठेवा.