माइट्सची ॲलर्जी: प्युरिफायर, ह्युमिडिफायर की आणखी काही?

डोंबिवली_पूर्व:
मुलगा सात वर्षांचा. पहाटे चारच्या सुमारास शिंका, मग खोकला, मग छातीत शिट्टी. हातावर टोचून तपासणी केली, त्यात धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) निघाले, बाकी सगळं निगेटिव्ह. इन्हेलर स्पेसर (औषध ओढायला सोपं करणारी नळी) लावून चालू आहे. हाताशी पंधरा हजार आहेत. दुकानदार म्हणतो प्युरिफायर आणि ह्युमिडिफायर जोडीने घ्या, शेजारच्या काकू म्हणतात मिठाचा दिवा. खोली १० बाय १२. कोणी वापरलंय का यातलं काही?

चिपळूणचा_दमेकरी:
ताई, पैसे जरा राहू द्या आणि आधी गादीकडे बघा. माझा दमा चाळीस वर्षांचा, त्यामुळे यातलं बरंचसं विकत घेऊन फसून झालंय.

ह्युमिडिफायरचंच सांगतो. लेकीने हौसेने आणला, तोही जुलैत. आमच्याकडे तेव्हा धुतलेली पँट तीन दिवस वाळत नाही, आणि मी रात्रभर खोलीत आणखी वाफ सोडतोय! पंधरा दिवसांत कपाटामागे बुरशी आणि मी नेब्युलायझरवर. माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर त्यांचे हाल होतात. कोकणात नि मुंबईकडे पावसाळ्यात ते जमणं कठीण, पण निदान आपण होऊन भर घालू नये. मिठाच्या दिव्याने खोली छान दिसते, बस.

आता गादी. हे प्राणी आपल्या अंगाची झडलेली कातडी खातात, आणि त्रास देते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. ते कण जड, झटकले की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. प्युरिफायर कोपऱ्यात घुरघुरत राहतो, पोराचं नाक असतं उशीत.

म्हणून गादी-उशीला चेनवाली, सहाही बाजूंनी बंद होणारी घट्ट विणीची खोळ. विणीतली छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक हवीत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाकिटावर नुसतं 'अँटी-ॲलर्जी' आणि आकडा नाही, तर घेऊ नका. इलॅस्टिकवालीही नको, बूड उघडं राहतं. माझी कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणली की त्या रात्री हमखास धाप. खोळ घालताना ती उलटी केली तर शिवणीच्या घडीत करडी, पिठासारखी भुकटी. बोटाने उचलायची दुर्बुद्धी झाली. पंधरा शिंका, मोजून.

चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्यात माइट्सची नुसती अंघोळ होते. मऊ खेळणी पिशवीत बांधून पूर्ण चोवीस तास फ्रीझरमध्ये, मग धुवायची. आणि इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, खोळ म्हणजे औषध नव्हे.

ठाणे_पश्चिम:
काकांशी सहमत, पण प्युरिफायर अगदीच टाकाऊ नाही. मांजराची ॲलर्जी किंवा बाहेरचा धूर असेल तर उपयोग होतो, कारण ते कण तरंगत राहतात. घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. तुमच्या खोलीची उंची साडेनऊ फूट धरली तर हवा साधारण ३२ घनमीटर. ती तासात पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, ताशी १६० घनमीटर लागेल. आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग) असलेलं मॉडेल नको, त्यातून ओझोन वायू सुटू शकतो आणि ओझोन दम्याला वाईट. फिल्टर बदलायचा खर्चही आधी विचारा, तिथेच खरी मेख असते.

चिपळूणचा_दमेकरी:
विचारायचं राहिलं. रात्री मच्छरांसाठी काय लावता?

डोंबिवली_पूर्व:
कॉइल. आणि सासूबाईंची धूप-अगरबत्ती संध्याकाळी त्याच खोलीत. काका, तुम्ही विचारलंत तेव्हाच पोटात गोळा आला.

कॉइल कालपासून बंद, मच्छरदाणी लावली. धूप बाल्कनीत न्यायला सासूबाई तयार झाल्या, नातवासाठी म्हणून. गादीच्या आणि दोन उशांच्या खोळी मागवल्या, प्युरिफायर तूर्त नाही. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, आज पहाटे चारला आकडा ७८! ह्युमिडिफायर घेतला असता तर काय झालं असतं?

कापडी हत्ती सध्या फ्रीझरमध्ये आहे. दार उघडू नको सांगूनही चिरंजीव दर तासाला जाऊन त्याला थंडी वाजतेय का बघून येतात.