प्रतिसाद: ईस्टरची अंडी आणि इंदूरचं ऊन

ताई, ईस्टरसाठी रंगवलेल्या अंड्यांवर रंग फिका बसतो आणि मुलांनी शोधायला लपवलेली चॉकलेटं इंदूरच्या उन्हात वितळतात, असं तुम्ही लिहिलंत; या दोन्हींवर उपाय आहे. रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र अजिबात वापरू नका, ही अंडी पोटात जाणार आहेत.

8-10 कांद्यांची कोरडी सालं 1 लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा आणि 2 मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. आम्लामुळे कवच किंचित खरखरीत होतं, म्हणून रंग धरतो. व्हिनेगर जास्त झालं तर बुडबुडे येऊन डाग पडतात. पांढऱ्या कवचाचीच अंडी घ्या, वेगळी उकडा (फ्रिजमधली थेट उकळत्या पाण्यात टाकली की तडकतात), तेलकट हात लावू नका. कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलीने घट्ट बांधलं आणि तासभर बुडवलं, की तांबूस कवचावर पानाची पांढरी नक्षी उमटते. मुलं हरखतात!

उकडलेली अंडी या उन्हात तासाभराच्या वर बाहेर नकोत. त्यापेक्षा अंडी-चॉकलेटांऐवजी सात काडेपेट्या लपवा, सकाळी सातच्या आत. आत येशूच्या शेवटच्या दिवसांच्या खुणा, क्रमाने: गाढवाचं चित्र, भाकरीचा तुकडा, नाणं, झाडाचा बोथट केलेला काटा, पांढरं कापड, खडा. सातवी रिकामी. ती मिळालेलं मूल हिरमुसतं, म्हणून सगळ्यात मोठं बक्षीस तिलाच ठेवा आणि तिथेच मत्तय 28 (बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 28वा अध्याय) वाचा: येशूची कबर रिकामी होती, हीच तर आनंदाची बातमी.

पेट्यांवर आकडे घाला, म्हणजे एखादी कुंडीमागे राहून जात नाही.