यती ४×४ ला परवडणारे कॉइलओव्हर: कोल्हापुरात काय टिकेल?

यतीवाला_राजारामपुरी

मंडळी, स्कोडा यती हाय, २०१२ ची, २.० टीडीआय, १४० पीएस, ४×४. मीटरवर १,३०,००० च्या पुढं. घर राजारामपुरीत, नोकरी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीला, म्हणजे रोज हायवे. सुट्टी मिळाली की गगनबावड्यातनं खाली कोकणात, नाहीतर आंबा घाट. शॉकअप संपलेत. स्पीडब्रेकर उतरला की मागनं हेलकावे खात बसते. ऊस हंगामात रात्रीची बिनलाइटची ट्रॉली अचानक समोर आली आणि स्टेअरिंग मारलं की गाडी आधी एका अंगाला कलंडते आणि मग वळते. हे डोक्यात जातंय.

शॉकअप बदलायचेच हायत, तर कॉइलओव्हरच (शॉकअप-स्प्रिंगचा सेट, रिंग फिरवून उंची लावता येते तो) टाकू का? बजेट लाखाच्या आत, फिटिंग धरून. बीसी, टीन, एसटी ही कंपन्यांची नावं वाचलीत. एक ऑनलाइन विक्रेता फोक्सवॅगन गोल्फ फाइव्हचा किट स्वस्तात देतोय, 'प्लॅटफॉर्म एकच, बिनधास्त घ्या' म्हणतोय. गाडी रस्त्याला चिकटवायची न्हाई, २५ मिमी खाली आली तरी बास.

घाटवाला_बावडा

भावा, हौस असेल तर घाल. माझं म्हणशील तर आहेत त्या स्प्रिंगवर बिल्स्टाइन कंपनीचे बी४ शॉकअप टाक, थोडी कडक पाहिजे तर बी६. बी८ घेऊ नको, तो खाली केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला असतो. विषय कट.

उद्यमनगरचा_तात्या

बावडेकर थोडक्यात बोलले, मला जमणार नाही. तीस वर्षं लेथवर गेलीत आणि स्वतःची ऑक्टाव्हिया आहे, त्यामुळं चहा घेऊन बस.

पहिलं त्या विक्रेत्याचं. प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, एक हे खरं, पीक्यू३५. पण याच प्लॅटफॉर्मवर पुढच्या स्ट्रटचा (शॉकअपचा) नळा नकलमध्ये, म्हणजे चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्यात, जिथं घुसतो तिथला व्यास दोन मापांचा येतो, ५० मिमी आणि ५५ मिमी. ५५ चा ५० मध्ये जाणार नाही, तेवढं बरं, दुकानातच कळतं. ५० चा ५५ मध्ये मात्र आरामात जातो, बोल्ट आवळला की बसल्यासारखाही वाटतो. मग कुणीतरी पत्र्याची पट्टी गुंडाळून देतो आणि वर 'काय होत नाही' म्हणतो. ज्या नळ्यावर ब्रेकचा सगळा जोर येतो तिथं पत्रा? चाक काढ, नकलच्या लगोलग वरचा भाग तारेच्या ब्रशनं चिखल जाईपर्यंत घास आणि व्हर्निअर लाव. अंदाजानं टेप लावू नको, पाच मिलीमीटरचाच प्रश्न आहे.

दुसरं, मागची बाजू. तुझ्या गाडीला मागं मुळात कॉइलओव्हर नाहीच. स्प्रिंग खालच्या आर्मवर वेगळी बसते, शॉकअप वेगळा. त्यामुळं बहुतेक किटमध्ये मागच्या स्प्रिंगखाली किंवा वर आट्यांची एक वाटी येते, ती फिरवून उंची लावायची. हे ठीक आहे. काही जण स्प्रिंग शॉकअपवरच चढवून 'ट्रू कॉइलओव्हर' विकतात. त्या नादाला लागू नको. शॉकअपचं वरचं माउंटिंग शॉकअपचा झटका खायला केलंय, गाडीचं वजन पेलायला नाही. आणि ४×४ ला मागं डिफरन्शियल, दोन हाफशाफ्ट, वजन जास्त. म्हणून चांगले बनवणारे फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि ४×४ चे किट वेगळे लिहितात. यादीत तुझा चॅसिस कोड ५एल आणि पुढं ४×४ असं स्वच्छ लिहिलेलं नसेल तर तो किट तुझ्यासाठी नाही, मग किती का स्वस्त असेना.

आता कडकपणा. सगळे क्लिक, म्हणजे शॉकअप कडक-ढिला करायच्या खुंटीचे टप्पे, विचारतात. स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती एक मिमी दाबायला किती किलो लागतात, ते कुणी विचारत नाही. तुझ्या गाडीत पुढच्या एका चाकावर स्प्रिंगनं पेललेलं वजन ढोबळ ४०० किलो धर. ३ किलो प्रति मिमीची स्प्रिंग असेल तर ती उभ्या गाडीखाली साधारण १३३ मिमी दबलेली असते. ६ ची घातलीस तर ६७ मिमीच. म्हणजे चाक खड्ड्यात उतरलं तर ६७ मिमीपर्यंत स्प्रिंग त्याला खाली ढकलते, पुढं ती सैल. कागलच्या हायवेला ६ ची मजा येईल. गगनबावड्याच्या खड्ड्यात चाक हवेत राहील आणि पलीकडच्या काठावर आपटेल. माझ्या मते तुझ्या वापराला मूळ स्प्रिंगपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्त, बास. ट्रॅकचे रेट घेऊ नको.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माझ्या टेबलावर येतं ते हेच: आटे. गेल्या पावसाळ्यानंतर एक पोरगा स्वस्तातला किट घेऊन दुकानात आला, उंची वाढवायची होती. स्टीलच्या नळ्यावर ॲल्युमिनियमची रिंग, मध्ये बावड्याचा तांबडा चिखल वाळून दगड झालेला, आणि दोन धातूंच्या मधे पांढरी भुकटी. सी-स्पॅनर लावला, पाइप घालून लांब केला, रिंगचे दात तुटले पण रिंग हलली नाही. गरम केली, तेल सोडलं, शेवटी ग्राइंडरनं चिरून काढली, त्यात नळ्याचे आटेही गेले. ॲडजस्टेबल म्हणून पैसे दिलेली वस्तू एका पावसात फिक्स झाली. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस जिथं पडतो तिथनं तू कोकणात उतरणार, पुढं खारी हवा. म्हणून नळ्याला कसला लेप आहे ते विचार. केडब्ल्यू कंपनीचे नळे स्टेनलेसचे असतात, पण ते तुझ्या बजेटात नाहीत. एसटी त्याच घरातला धाकटा, त्याला जस्ताचा लेप असतो. माझा कल तिकडं. कुठलाही घेतलास तरी उंची एकदा लागली की आटे ब्रशनं साफ करून ग्रीस लाव आणि वर्षातनं एकदा रिंगा थोड्या फिरवून परत जागेवर आण.

इचलकरंजी_डस्टर

तात्या, क्लिकवर एवढा राग का? माझ्या आतेभावाच्या गाडीत बीसी बीआर हायत, ३० क्लिक. गावात मऊ, हायवेला कडक, मस्त चालतंय की. माझी डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारी चाकांना जोर. मला तर काहीच मिळंना, जे किट दिसले ते सगळे फ्रंट व्हील ड्राइव्हचे. त्या गाडीला मागं टॉर्शन बीम, एडब्ल्यूडीला मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट. शेवटी स्टॉक शॉकअप आणि नवे बुश टाकले, गप बसलो.

उद्यमनगरचा_तात्या

राग नाही रे. क्लिकनं स्प्रिंग मऊ होत नाही, एवढंच लोकांना कळावं. त्या किटमध्ये एकाच खुंटीनं दाबतानाचं आणि परत येतानाचं दोन्ही डँपिंग (स्प्रिंगची उसळी आवरणं) एकदम कमी-जास्त होतं. कडक स्प्रिंगवर क्लिक ढिले केले की दणका थोडा कमी लागतो, पण उसळलेली स्प्रिंग आवरायला कुणी राहत नाही, गाडी डुलते. म्हणजे ज्या तक्रारीवर पैसे घातले तीच परत. शिवाय बीसीच्या बऱ्याच किटना पुढं रबराऐवजी पिलोबॉलचं (धातूच्या गोळ्याच्या सांध्याचं) टॉप माउंट येतं. वळताना चाक अचूक लागतं हे कबूल, पण आपल्या चिखलात ते कधी खडखडायला लागेल नेम नाही. बदलायला मिळतं, एवढं चांगलं. बीसी वाईट नाही, यतीवाल्याच्या कामाचं नाही.

डस्टरचं तू केलंस तेच बरोबर.

कायद्याचं_बोला

मध्ये बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालत नाही. मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती, उंची बदलणारा किट म्हणजे वाद ओढवून घेणं. विमा कंपनीला न सांगता बसवलात तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

यतीवाला_राजारामपुरी

तात्या, आज सकाळी चाक काढून मापलं. ५५ आलं. गोल्फवाला किट ५० चा निघाला, विक्रेत्याला फोटो पाठवला तर आता फोन उचलंना. कायद्याचं ऐकून जरा घाबरलोय. आणि एसटी, जीएसटी, कस्टम, फिटिंग धरून लाखाच्या पार जातंय असं दिसतंय. मग बावडेकरांचं बी६ बरं का? आणि कलंडणं कमी होईल का त्यानं?

उद्यमनगरचा_तात्या

होईल. पूर्ण नाही, पण तुला खुपतंय ते बरंचसं संपलेल्या शॉकअपचं आणि बुशांचं असणार. बी६ मूळ स्प्रिंगवर चालतो, उंची तीच राहते, वकील साहेबही खूष. उरलेल्या पैशात हे कर: पुढची दोन्ही टॉप माउंट आणि बेअरिंग नवी, बंपस्टॉप नवे, लोअर आर्मचे बुश, अँटी-रोल बारच्या लिंका. नकलचे पिंच बोल्ट जुने परत वापरू देऊ नको, नवे घे. मेकॅनिक नकलची फट छिन्नीनं फाकवायला लागला तर हात धर, त्याला फिरवून उघडायचं टूल असतं. नसेल तर माझ्याकडनं घेऊन जा.

आणि एक गोष्ट जी नव्वद टक्के गॅरेजात होत नाही: रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर, मग आवळायचे. नाहीतर बुश कायम पीळ खाऊन राहतो आणि वर्षात फाटतो. मग अलाइनमेंट. मागं कॅम्बर (चाकाचा कल) आणि टो (चाकाची दिशा) दोन्ही लागतात, नुसतं पुढचं करून बिल फाडलं तर पैसे देऊ नको.

जाता जाता, ४×४ आहे म्हणून विचारतो, हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना जोर देणाऱ्या क्लचचं) तेल शेवटचं कधी बदललंस? ६०,००० ला बदलायचं असतं. आणि टायर चारी एका मापाचे, साधारण सारखे झिजलेले ठेव.

यतीवाला_राजारामपुरी

हॅल्डेक्सचं तेल कधी बदललंच न्हाई बहुतेक, सर्व्हिस बुकात शिक्का दिसंना. बी६ ची ऑर्डर टाकतो, ५५ चाच ४×४ चा पार्ट नंबर विचारून. टूल न्यायला शनिवारी येऊ का दुकानात?

उद्यमनगरचा_तात्या

शनिवारी चारनंतर ये. सोमवारी येऊ नको, लाइट नसते.