कमांड लाइनवरील शॉर्टकट: आधी बॅशचे मूळचे शिकवावेत की व्हीआय पद्धत?

चर्चाप्रस्ताव (लिनक्स प्रशिक्षक, जुळे सोलापूर):
आमच्या वर्गातील मुले लांबलचक कमांडच्या आरंभी एखादे अक्षर चुकले की डाव्या बाणाची कळ दाबत बसतात, आणि कंट्रोल-ए दाबताच कर्सर थेट ओळीच्या सुरुवातीला गेलेला पाहून त्यांना नवल वाटते. माझे ठाम मत आहे की बॅशचे (लिनक्सवर आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) मूळचे, म्हणजे ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या वळणाचे शॉर्टकट पहिल्याच आठवड्यात हातात बसवले पाहिजेत. शेवटी नेणारा कंट्रोल-ई, पुढचे सगळे कापणारा कंट्रोल-के आणि कापलेले परत आणणारा कंट्रोल-वाय बहुतेकांना लवकर जमतात. पण एक फरक मुद्दाम शिकवावा लागतो. लॉग फाइलचा लांब पाथ (फोल्डरांसह पूर्ण पत्ता) लिहिल्यावर कंट्रोल-डब्ल्यू मागच्या मोकळ्या जागेपर्यंतचा अख्खा पाथ पुसतो, तर ऑल्ट-बॅकस्पेस टिंबापर्यंतचा किंवा तिरक्या रेघेपर्यंतचा तुकडाच पुसतो, त्यामुळे फोल्डर तेच ठेवून केवळ फाइलचे नाव बदलता येते. हे सारे रीडलाइन या ओळ संपादित करू देणाऱ्या सामायिक लायब्ररीतून येत असल्याने जीडीबी या प्रोग्राममधील दोष शोधण्याच्या साधनातही हीच सवय कामी येते.

प्रतिसाद (सिस्टिम अ‍ॅडमिन, होटगी रोड):
मी असहमत आहे. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात शेलसाठी वर्णन केलेली संपादनपद्धत व्हीआय या एडिटरची आहे, ईमॅक्सची नाही. सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइल जर व्हीआयमध्येच उघडायच्या असतील, तर ‘सेट -ओ व्हीआय’ लिहून तीच बोटांची सवय कमांड लाइनवर का आणू नये? शिवाय मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन कळ मेटा (म्हणजे इथली ऑल्ट) म्हणून चालावी यासाठी सेटिंग बदलावे लागते. तिथे आपले ऑल्ट-बॅकस्पेस नवशिक्याला अडवते.

प्रस्तावक:
मॅकचा मुद्दा मान्य आहे. परंतु बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला तेव्हाच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती. व्हीआयमध्ये टाइप करण्याच्या मोडमधून कमांडच्या मोडमध्ये जायला हीच कळ लागते. आज ती कोपऱ्यात आहे, आणि शब्दागणिक तिथवर हात नेणे नवशिक्याला जड जाते. त्याहून मोठी अडचण अशी की एकाच लॉगिनवर अनेकजण काम करत असतील, तर एकाने लावलेली व्हीआय पद्धत रात्रपाळीच्या माणसाला ऐन घाईत गोंधळात टाकते.

प्रतिसाद (डेटाबेस विभाग, सात रस्ता):
आपण दोघेही जुनी कमांड शोधून देणारा कंट्रोल-आर विसरलात, ज्यामुळे टाइप करण्याचे निम्मे काम वाचते. मात्र शोधात पुढे जाण्यासाठी कंट्रोल-एस दाबला तर बहुतेक टर्मिनल गोठते, आणि मुले घाबरून खिडकीच बंद करतात. कंट्रोल-क्यू दाबले की ते पूर्ववत चालते, एवढे तरी त्यांना सांगा. कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई शिकवताना तर विशेष जपावे. त्याने कमांड एडिटरमध्ये उघडते, पण बदल जतन न करता नेहमीसारखे बाहेर पडल्यावरही मूळची कमांड चालते. ती फाइल पुसणारी असेल तर काय होईल, याचा विचार करा. रद्द करायची असल्यास सगळा मजकूर पुसून, जतन करूनच बाहेर पडावे.

सिस्टिम अ‍ॅडमिन:
ही सूचना मी आजच माझ्या सहकाऱ्यांना देतो. व्हीआयबद्दलचे मत मात्र बदललेले नाही: इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की कोणता मोड चालू आहे ते प्रॉम्प्टवरच दिसते, आणि सामायिक लॉगिन हा शॉर्टकटचा नव्हे, सर्व्हर सांभाळण्याच्या पद्धतीचा दोष आहे.