घरचा कर्ता माणूस नेमकं काम काय करायचा? (अनुभव धागा)

महालातली नात
आमच्या आबाजींचं वर्षश्राद्ध झालं नुकतंच. पंगतीत सगळ्यांच्या तोंडी तेच, लय कष्टाळू होते, देवमाणूस होता. खरंच आहे ते. पण माझ्या भाचीनं विचारलं की पणजोबा करायचे काय, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मिलमध्ये होते." मिलमध्ये म्हणजे काय बाप्पा? तिथे तर हिशेब लिहिणारा पण असतो आणि पोती उचलणारा पण. म्हणून हा धागा काढतेय. आजोबा, बाबा, मोठेबाबा, मामाजी (सासरे), जे कोणी तुमच्या घराचा गाडा ओढत होते त्यांचं काम कसं होतं ते लिहा. प्रेमळ होते हे आपण धरूनच चालू.

मीच सुरू करते. आबाजी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. जमशेटजी टाटांची ती मिल, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली, 2002 ला बंद झाली आणि आता तिथे मॉल आहे. दोन लूम सांभाळायचे. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, त्यातलं सूत संपलं की लूम थांबवून नवीन कांडी (सूत गुंडाळलेली नळी) घालायची आणि धोट्याच्या बारक्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढायचं, दिवसभर हेच, कापसाची किती भुकटी पोटात गेली असेल काय माहीत. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून आत हवा ओली ठेवायचे, म्हणजे मे महिन्यात बाहेर लू आणि आत वाफ. आवाज एवढा की एकमेकांच्या ओठांकडे पाहूनच बोलणं कळायचं. त्यामुळे कान गेले तरी आबाजींचं काही अडलं नाही, आम्ही कुजबुजलो तरी त्यांना दुरून समजायचं. चोरून सिनेमाला जायचं ठरवलं की आधी त्यांच्याकडे पाठ करायची हे आम्ही भावंडं लवकरच शिकलो.

इंदोरा
ताई, ते तोंडानं सूत ओढायचं लिहिलं ना तुम्ही, त्याच्यावरच लिहायचं आहे. मी साठीचा आहे, माझे आजोबा पण नागपुरातल्याच एका मिलमध्ये होते, साल 1930 च्या पुढचं. पण ते सूत कातायच्या खात्यात. चालत्या मशीनवर तुटलेलं सूत बोटांनी जोडत जायचं, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी. लूमवर पगार जास्त होता पण आमच्या लोकांना तिकडे घेत नव्हते. कारण हेच, धोट्याला तोंड लागतं, मग तोच धोटा दुसऱ्यानं कसा घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पण हेच होतं, 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला होता. आजोबा हे चिडून सांगत नव्हते, पगाराचा आकडा सांगावा तसं सांगायचे, हा इतका आणि तो तितका.

14 ऑक्टोबर 1956 ला रात्रपाळी करून आले, आंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि आजी, माझे बाबा, आत्या सगळ्यांना घेऊन पायी दीक्षाभूमीवर गेले. त्यानंतर परत पाळीवर. झोप कधी घेतली असं बाबांनी विचारलं तर म्हणे, "झोपाले काय, रोजच असते."

बाबांना त्यांनी मिलमध्ये जाऊ दिलं नाही. बाबा शिक्षक झाले.

महालातली नात
काका, हे आमच्या घरात कधीच कोणी बोललं नाही. आबाजी 1950 नंतर लागले होते, तेव्हा त्यांच्या खात्यात कोण होतं कोण नव्हतं हे आता सांगणारं कोणी उरलं नाही. मोठेबाबांना विचारते, त्यांना काही आठवत असेल तर.

काटोलरोड
आमच्याकडे आजोबांना बाबाजी म्हणत. संत्र्याचा बगीचा. लोकांना वाटते संत्रा म्हणजे पाणी दिलं की झालं. खरं काम पाणी न देण्याचं आहे. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात झाडाला ताण द्यावा लागते, विहिरीत पाणी असून पाणी बंद, पानं मलूल होतात, कोमेजून गळायला लागतात, आणि मग पाऊस पडला की फुलोरा येते. हलकी जमीन असली तर ताण कमी दिवसांचा, काळी भारी असली तर जास्त. थोडा कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जाते. बाबाजी रोज दुपारच्या उन्हात जाऊन पानं हातात घेऊन पाहत, कृषी अधिकाऱ्यासारखं कागदावर काही नाही. आजी म्हणायची की त्या दिवसांत हा माणूस घरात पण पाणी कमी पितो. खरं खोटं तिलाच माहीत.

दुसरं काम बोर्डो मलमाचं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला लावायचं, नाहीतर डिंक्या येते, खोडातून डिंक वाहते आणि झाड वाळते. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना वेगवेगळा भिजवून मग एकत्र करायचा. तयार झालं की बाबाजी त्यात विळा बुडवत. पात्यावर तांबूस रंग चढला की चुना कमी आहे, आणखी टाक. आम्ही पोट्टे त्याला जादू म्हणत होतो, मग कॉलेजात केमिस्ट्रीत तेच शिकवलं आणि मार्क पण मिळाले.

नागभीडवाला
बाबा रेल्वेच्या इतवारी-नागभीड छोट्या लाईनवर (नॅरोगेज) होते. कीमन. म्हणजे रोज आपला ठरलेला टप्पा पायी, खांद्यावर हातोडा, रूळ पकडून ठेवणाऱ्या, ढिल्या झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं, रूळ तडकला का, गिट्टी सरकली का पाहत. उन्हाळ्यात रूळ तापून फुगते आणि वाकू शकते म्हणून दुपारचीच जास्त काळजी. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि डब्यात काल रात्रीची भाकर. लग्नात, बाजारात, कुठेही चालताना मान खाली, पायाशी पाहत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बाबा एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, फोटोग्राफर रडकुंडीला आला होता. 2019 ला ती लाईन मोठी करायला बंद केली. बाबा त्याआधीच गेले, बरं झालं म्हणावं की काय समजत नाही. नागपुरात मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम आहे, पोरांना घेऊन जा, इंजिनं चांगली ठेवली आहेत.

तर्रीवाल्याचा पोरगा
लिहायला येत नाही मला जास्त. बाबांचा पोह्याचा ठेला होता. रात्री चणे भिजवायचे, पहाटे तर्री, म्हणजे पोह्यावर घालायचा चण्याचा तिखट रस्सा. सात वाजता गिऱ्हाईक उभं राहते म्हणजे घरात तीनला लाईट. आम्हा तिघांची शाळेची फी त्या गंजातून (पातेल्यातून) निघाली. त्यांना स्वतःला तिखट चालत नव्हतं, अॅसिडिटी होती. तर्री चाखायला आईला उठवत.

धरमपेठची सून
सगळे एवढं छान लिहून राह्यले म्हणून भीत भीत लिहिते. माझे मामाजी प्रेमळ बिमळ नव्हते. तिरसट होते, जेवताना कोणी बोललेलं चालत नव्हतं आणि माझ्या नोकरीवरून पहिली दोन वर्षं अबोला. लाईनमन होते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, अख्खं नागपूर कूलर लावते, ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो, फ्यूज उडते, आणि लोक लाईनमनला शिव्या घालते. हा माणूस 45 डिग्रीत खांबावर. आधी परमिट घ्यायचं, म्हणजे लाईन बंद केल्याचा कागद, तरी त्यांचा त्या कागदावर विश्वास नव्हता, अर्थिंगची, म्हणजे तार जमिनीला जोडणारी साखळी टाकल्याशिवाय तारेला हात नाही. त्यांचा एक जोडीदार घाईत गेला होता म्हणे. घरी पण तेच, मी मिक्सर पुसायला घेतला की कुठूनतरी आवाज यायचा, "प्लग काढला का?" बारा वेळा. मला राग यायचा. आता मी माझ्या मुलाला तेच विचारते आणि त्याला राग येतो.

ते गेल्यावर वस्तीतली बरीच माणसं आली, आम्ही ओळखत पण नव्हतो. रात्री बेरात्री हा माणूस त्यांच्या घरची लाईट दुरुस्त करून यायचा आणि आम्हाला सांगायचा की पान खायला गेलो होतो.

महालातली नात
प्लग काढला का 😂 काटोलवाले दादा, आमच्या अंगणात दोन संत्र्याची झाडं आहेत, एकाच्या बुडाशी डिंक दिसतोय. बाबाजींचं माप काय होतं ते सांगता का?

काटोलरोड
1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोनच झाडं आहेत तर 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, 1 लिटर घ्या. लोखंडी बादली नका घेऊ, प्लास्टिकची घ्या. आधी डिंक आलेली साल खरवडून साफ करा, मग ब्रशनं लावा, जमिनीपासून कंबरेपर्यंत. त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही. आणि बुडाशी पाणी साचू देऊ नका ताई, निम्मा रोग तिथूनच येते.