नेट येतं-जातं: तुमच्याकडे दोष शेवटी कुठे सापडला?

पूर्ण बंद पडलेलं नेट परवडलं. तक्रार केली की माणूस तरी येतो. पण दहा मिनिटं चालणार, दोन मिनिटं जाणार, आणि तो माणूस दारात उभा राहिला की मुकाट्याने चालू लागणार, याला काय करायचं?

जळगावला आमच्याकडे मार्चपासून हा खेळ सुरू होता. सगळ्यात जास्त दुपारी एक ते पाच. शेवटी लॅपटॉप वायफायवर न ठेवता लॅनच्या वायरने राउटरला जोडला आणि काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) दोन पिंग लावून ठेवले, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते सतत विचारत राहायचं, एक राउटरला (आमच्याकडे 192.168.1.1) आणि एक बाहेर गूगलच्या 8.8.8.8 ला. विंडोजमध्ये पिंगच्या ओळीत -t लावलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. नुसतं बाहेरचं उत्तर बंद झालं तर दोष राउटरच्या पुढे. आमच्याकडे दोन्ही एकदम गेले. म्हणजे डबाच आडवा पडत होता. तो होता माळ्यावर, वर पत्रा, आणि मे महिन्यातलं जळगाव. हात लावला तर चटका. खाली भिंतीवर, हवेशीर जागी आणला आणि त्या दिवसापासून चालू आहे. तीन महिने मी कंपनीला शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतो.

तुमचे अनुभव लिहा. काय काय करून पाहिलं तेही लिहा, नुसता उपाय नको.

भुसावळहून: आमचा कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. कूलरची मोटार सुरू झाली की क्षणभर व्होल्टेज पडायचं आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. चार वर्षांचा अडॅप्टर आधीच मरतुकडा. नवा घेतला. घेताना बघा, व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनही सारखी हवी.

रावेर तालुक्यातून: केळीच्या गाडीत वरपर्यंत भरलेले घड केबलला अडकले. जोड दिला तो नुसत्या टेपचा. मग वारा सुटला की नेट गेलं, वारा पडला की आलं. घरच्यांना वाटायचं मी थापा मारतो. डब्यावर लॉसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा अधूनमधून लुकलुकायचा. कंपनीच्या पोराने प्रकाशाची ताकद मोजायचा मीटर लावला तर उणे 29 डीबीएम. उणे 27 च्या खाली गेलं की डबा चाचपडायला लागतो. मशीनवर नीट जोड दिल्यावर उणे 21. फायबर आतून काचेची, तिला दोरीसारखं खिळ्याला गुंडाळू नका. टेपचा जोड देणाऱ्या पहिल्या पोराने तेच केलं होतं.

अमळनेरहून: जुनं धाब्याचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती. पुढच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ झकास, माजघरात शून्य. फोन 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या दोन वायफायमध्ये उड्या मारायचा आणि मध्येच तुटायचा. महागडा राउटर घेऊ नका, मी घेऊन बसलोय. भिंतीला छिद्र पाडून वायर नेली, आत दुसरा जुना राउटर लावला.

धुळ्याहून: फ्लॅट. रात्री नऊनंतर त्रास. स्कॅन केलं तर शेजारपाजारचे सगळे वायफायच्या एकाच चॅनेलवर. 2.4 मध्ये 1, 6, 11 हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. 11 वर गेलो.

शहाद्याहून: खार. केबल कुरतडली होती. पाइप घातला.

चोपड्याहून: माझं वेगळंच. दोन्ही पिंग नीट, पण पान उघडत नाही. व्हॉट्सॲप कॉल मात्र चालू राहतो.

जळगाव (धागा सुरू करणारा): चोपडेकर, मग डीएनएस बघा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. राउटरमध्ये 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 टाकून बघा.

चोपड्याहून: झालं. दीड महिना गेला यात.

पाचोऱ्याहून: आम्हाला दर वेळी एकच उत्तर, ‘दादा, तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे.’ आठ दिवस वहीत वेळा लिहिल्या आणि शेजाऱ्यालाही लिहायला सांगितल्या. दोघांच्या वेळा जुळल्या तेव्हा खांबावरचा स्प्लिटर (एका फायबरचे घरोघरी फाटे करणारा) बदलला. तक्रारीचा डॉकेट नंबर सोडू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) 2012 च्या नियमांप्रमाणे कंपनीतच वर अपील करता येतं, पण हातात नंबर हवा.

शिंदखेड्याहून: आमच्याकडे रोज संध्याकाळी सातला जातं, साडेसातला येतं. फायबर ठीक, अडॅप्टर नवा.

भुसावळहून: सातला गल्लीत काय चालू होतं?

शिंदखेड्याहून: नळ येतो. सगळ्यांच्या मोटारी.

भुसावळहून: दिवे मंद होतात का? राउटर 12 व्होल्टचा असेल तर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. आधी खात्री म्हणून शेजाऱ्यांना सांगून एक दिवस मोटारी थांबवा.

शिंदखेड्याहून: शेजारी कोण ऐकतो? आमची एकट्याची बंद ठेवली. दोनदाच गेलं. माय म्हणे, ‘नेट शे, पन पानी कोठे शे?’ यूपीएस मागवला आहे.