ट्रेनिंग मॅनेजर व्हायला एमबीए कशाला?

लेथवाला:
कारखान्यातलं ट्रेनिंग सेंटर चालवायला एमबीए एचआर मागणाऱ्या जाहिराती बघतो तेव्हा हसू येतं. आयटीआय किंवा डिप्लोमा, त्यावर एक वर्षाचा सीआयटीएस (आयटीआयच्या प्रशिक्षकांसाठीचा कोर्स) आणि शॉपफ्लोअरवर घासलेली काही वर्षं, एवढं पुरे. एमबीएच्या चार सेमिस्टरमध्ये वेल्डिंगच्या वर्गाला रॉड किती लागतात हे कुणी शिकवत नाही. २० मुलं, प्रत्येकाला रोज १५, म्हणजे ३०० रॉड. ३.१५ मिमीचे किलोला साधारण ३३-३५ बसतात, म्हणजे दिवसाला जवळपास ९ किलो. बजेटमध्ये हे कमी धरलं की तिसऱ्या आठवड्यात मुलं नुसती बघत उभी राहतात, रजिस्टरमध्ये मात्र ‘प्रात्यक्षिक झालं’ अशी नोंद होते.

आकडेमोड:
रॉडचा हिशोब चांगला स्टोअरकीपरही करतो. अ‍ॅप्रेंटिस कायद्याचं काय? ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. या संख्येत कंत्राटी माणसंही धरायची. २५० कायम आणि १५० कंत्राटी असतील तर किमान १० उमेदवार. नुसते कायम मोजणारा ६-७ वर थांबतो. शिवाय कायद्याने अ‍ॅप्रेंटिस ‘कामगार’ नसला तरी सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू असतात आणि अपघाताची भरपाई मालकाच्या गळ्यात.

लेथवाला:
कायदा वाचायला पदवी नाही, एक दुपार लागते.

तिसरी पाळी:
मूल्यमापनाबद्दल दोघंही गप्प. किर्कपॅट्रिक या प्रशिक्षणतज्ज्ञाच्या चार पातळ्या आहेत: प्रशिक्षण आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, कंपनीला फायदा झाला का. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पातळीवरच थांबते. फीडबॅक फॉर्म, ग्रुप फोटो, संपलं. तिसऱ्या पातळीसाठी ६०-९० दिवसांनी लाइनवर जाऊन बघावं लागतं. चौथी सगळ्यांत फसवी. समजा रिजेक्शन (नापास होणारा माल) ४ टक्क्यांवरून अडीचवर आलं, पण त्याच महिन्यात फिक्स्चर (मशीनवर जॉब पकडून ठेवणारं साधन) बदललं होतं, तर श्रेय कुणाचं? म्हणून एका पाळीला आधी शिकवायचं, दुसरीला सहा आठवड्यांनी, आणि मधल्या काळातले दोन्हीकडचे आकडे ताडायचे. हे संशोधन पद्धतीच्या पेपरात शिकायला मिळतं, फोरमनच्या केबिनमध्ये नाही.

तरी लेथवाल्यांचं अर्धं खरं आहे. साध्या एमबीए एचआरमध्ये प्रशिक्षण हा बहुधा एखादाच पेपर असतो. प्रवेशाआधी विषयांची यादी मागा. गरज-विश्लेषण, अभ्यासक्रम रचना, मूल्यमापन आणि कारखान्यातला प्रकल्प यांतलं काही नसेल तर फी वाचवा. नोकरी सोडायची नसेल तर आयएसटीडीचा (इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट) डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो.

लेथवाला:
दोन पाळ्यांची युक्ती पटली. पण सुपरवायझर ऑपरेटर सोडेल तेव्हा ना! ट्रेनिंग कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीला छापून भिंतीवर लावलं की ते तिथेच राहतं. महिन्याचा प्रॉडक्शन प्लॅन हातात आल्यावर तारखा ठरवा, डिस्पॅचचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा, आणि ज्या मशीनचा माणूस वर्गात बसणार तिथे रिलीव्हर (बदली माणूस) द्या.

आकडेमोड:
रिलीव्हरचा पगार कुठल्या खात्यात? प्रॉडक्शनच्या खात्यात पडला तर सुपरवायझर माणूस सोडणारच नाही, त्याचा नगामागचा खर्च वाढतो. तो ट्रेनिंगच्या बजेटमध्ये धरावा लागतो, आणि वाढीव बजेट मागायला प्लांट हेडसमोर तिसरी पाळी म्हणतात तेच आकडे न्यावे लागतात.